हृदयाचं गणित वेगळं

मज्जातंतू तुटला की तो अवयव बंद पडतो, असं एकांनी लिहिलंय. हातापायांच्या स्नायूंबाबत ते खरं आहे. तंतू कापला की स्नायू लुळा पडतो आणि काही आठवड्यांत सुकायला लागतो. हृदयाला मात्र हा नियम लावू नका. त्याचा ठोका त्याच्याच उजव्या कर्णिकेतल्या (वरच्या कप्प्यातल्या) पेशी ठरवतात. मज्जातंतू म्हणजे नुसते लगाम आणि चाबूक: व्हेगस (ठोके मंद करणारा मज्जातंतू) लगाम खेचते, सिम्पथेटिक (ठोके वाढवणारे तंतू) चाबूक ओढते. म्हणून तर प्रत्यारोपणात सगळे तंतू कापले गेलेलं हृदयही चालतं. उलट लगामच नसल्याने बसल्या जागी मिनिटाला ९०-१०० ठोके पडतात. जिना चढताना मात्र ते लगेच वेग घेत नाही, रक्तातून ॲड्रेनालिन हे संप्रेरक पोचेपर्यंत मागेच राहतं.

हा लगाम रसायनाचा असतो, हे शास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. एकाची व्हेगस उत्तेजित केली, त्यातलं द्रव दुसऱ्याला दिलं, तर तेही मंदावलं! प्रयोग म्हणे स्वप्नात सुचला. पहिल्या रात्री खरडलेलं सकाळी त्यांनाच वाचता येईना (डॉक्टरांचं अक्षर!), दुसऱ्या रात्री मात्र उठून थेट प्रयोगशाळा गाठली.