जिन्याच्या तळाची सळई लँडिंगला वाकवून सलग नेली तर चालेल का?

सेंट्रिंगवाला: डॉग-लेग्ड जिना आहे, म्हणजे मधल्या लँडिंगवरून उलट फिरून वर जाणारा. वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब) १७५ मिमी, काँक्रीट एम २५, सळई एफई ५००, बीम ते बीम स्पॅन ३.६ मी. तळाला मेन सळया १० मिमी, दर १५० मिमीला; डिस्ट्रिब्युशन (मेनला आडव्या सळया) ८ मिमी, दर २०० मिमीला. पहिली फ्लाइट (पायऱ्यांचा एक टप्पा) वर मधल्या लँडिंगला मिळते तिथे ड्रॉइंगमध्ये तळाच्या सळया एकमेकींना छेदून पुढे गेल्यात. फिटर म्हणतो, एकच सळई वाकवतो, लोखंड वाचेल. कटिंग झालंय, जाळी उद्या बांधायची आहे.

वेस्टस्लॅब: अजिबात नको. तिथे तळाला ताण असतो आणि ताण आला की वाकलेली सळई सरळ व्हायला बघते. सरळ होताना ती खाली ओढते आणि खाली तिला धरायला फक्त २० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट. कोपऱ्यात आडवी चीर पडते, मग कव्हर सुटतं.

फ्लाइटची तळाची सळई त्याच उतारात लँडिंगच्या वरच्या कव्हरपर्यंत न्या, तिथून आडवी करा. लँडिंगची तळाची सळई उलट आडवीच फ्लाइटमध्ये घुसवा आणि वेस्टच्या वरच्या बाजूला पोचली की उतारात खाली वळवा. छेदापासून पुढे दोन्हींची लांबी किमान ४९ डाया (सळईच्या व्यासाच्या ४९ पट), म्हणजे ४९० मिमी. एम २० असतं तर ५७० लागली असती.

सेंट्रिंगवाला: आणि दुसऱ्या फ्लाइटला, जिथे लँडिंगवरून वर चढते?

वेस्टस्लॅब: तिथे तळाची एकसंध चालते, कारण ओढ वर, काँक्रीटच्या आत जाते. पण त्या कोपऱ्यात वरचं स्टील असेल तर तीच भानगड वरच्या तोंडाला. तिथे वरच्या सळया छेदून घ्या.

बीबीएस_दादा: कापून ठेवलेल्या सळयांना जोडतुकडे लावून वेळ मारून नेऊ नका. सगळे लॅप (सळयांचे जोड) एकाच जागी येतील, तेही कोपऱ्याजवळ. त्या छज्जा-लिंटेलला खपतील, जिन्याला नव्या कापा.

दोन गोष्टी अजून. डिस्ट्रिब्युशन मेन सळईच्या वर, खाली नाही. खाली गेली की मेनची इफेक्टिव्ह डेप्थ (स्लॅबच्या वरच्या तोंडापासून मेन सळईपर्यंतची खोली) ८ मिमी घटते. आणि वरच्या सळयांना खुर्च्या (सळईचे वाकवलेले टेकू) द्या, नाहीतर ओतताना माणसं चढली की सळया बसल्याच तळाला. पायरीच्या नाकातली सळई विसरली तर मी फारसा वाद घालत नाही. बीममधून जिन्यासाठी सोडायच्या सळया मात्र बीम भरण्याआधीच मोजून घ्या, नंतर ड्रिल मारून केमिकलने बसवणं महागात पडतं.