गोचीड-ताप: आधी स्लाइड की आधी डॉक्सी?

परळची_स्लाइड: मुंबईत कुत्र्याला ताप आला, खाणं सुटलं, प्लेटलेट कमी आल्या की गोचीड-ताप धरून थेट डॉक्सीसायक्लीन (‘डॉक्सी’ हे अँटिबायोटिक) सुरू होतं. माझा याला ठाम विरोध आहे. पहिल्या गोळीआधी ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत 2 मिली रक्त आणि कानाच्या कडेला टोचून काढलेल्या थेंबाची स्लाइड, एवढं झालंच पाहिजे. इंटर्नशिपच्या वर्षात हे रोजचं काम असावं. गोचिडातून येणारा एर्लिकिया हा जिवाणू डॉक्सीला आटोक्यात येतो. बबेसिया गिब्सोनी हा लाल पेशींतला परजीवी नुसत्या डॉक्सीला जुमानत नाही. त्याला अ‍ॅटोव्हाक्वोन 13.3 मिग्रॅ प्रतिकिलो दर 8 तासांनी स्निग्ध खाण्यासोबत, जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन 10 मिग्रॅ प्रतिकिलो रोज एकदा, असे 10 दिवस लागतात. डॉक्सीवर आठवडा घालवला तर तोवर पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) घसरत राहतो.

ओपीडी_दादर: कागदावर पटतं. पण बाहेर रांग असते, पीसीआरचा (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा) खर्च ऐकून पालक गप्प होतात आणि उद्या परत येतीलच असं नाही. एर्लिकियाच्या सुरुवातीच्या दिवसांत अँटिबॉडी किट निगेटिव्ह येऊ शकतं, आणि बरा झालेला कुत्रा महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह दाखवतो. मग त्या किटवर भिस्त कशाला? डॉक्सी 10 मिग्रॅ प्रतिकिलो रोज, 28 दिवस. नव्या आजारात 24 ते 48 तासांत ताप उतरतो. नाही उतरला तर तपासा. पावसाळ्यात याच औषधाखाली लेप्टोही (लघवीतून माणसांनाही होणारा लेप्टोस्पायरोसिस) झाकला जातो, म्हणजे त्यावरही उपचार होतो.

परळची_स्लाइड: लेप्टो झाकला जातो, हीच तर अडचण आहे, डॉक्टर! पहिल्या आठवड्यात रक्तात आणि नंतर लघवीत जंतू शोधायचा असतो, तोही अँटिबायोटिकच्या आधी. गोळी पोटात गेल्यावर आलेल्या निगेटिव्ह पीसीआरवरून काहीच ठरत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन एमएटी या रक्तचाचणीत अँटिबॉडीचा टायटर (प्रमाण) चढला का ते बघत बसायचं. घरातल्या माणसांना कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसायला सांगायचं की नाही, हे यावर ठरतं.

ओपीडी_दादर: आणि स्लाइड चुकीची वाचली तर? जुलैच्या दमट हवेत स्लाइड सावकाश सुकते, लाल पेशींत चकाकणारे ठिपके उमटतात आणि शिकाऊ मुलं त्याला बबेसिया म्हणतात. लगेच इमिडोकार्ब या बबेसियावरच्या औषधाचं इंजेक्शन! ते लाळ-उलटी करतंच, वर गिब्सोनीला नीट साफही करत नाही.

मायक्रोस्कोप_बाई: ठिपक्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. थेंब ओढला की हेअर ड्रायरने ताबडतोब सुकवा, मेथॅनॉलमध्ये बुडवा, मगच गिम्सा रंग द्या. फोकस वर-खाली केल्यावर ठिपका चमकला तर तो परजीवी नव्हे. शिवाय स्लाइड न बघता ‘प्लेटलेट 40,000’ मानायचं कसं? स्लाइडच्या पातळ टोकाला प्लेटलेटच्या गुठळ्या असतील तर मशीनचा आकडा खोटा. गुठळ्या नसतील तर 100च्या ऑइल लेन्सखाली 10 फील्डमधल्या प्लेटलेट मोजा, सरासरीला 15,000ने गुणा. एर्लिकियाची मोरुला (पांढऱ्या पेशीत दिसणारा जंतूंचा पुंजका) मात्र क्वचितच सापडते. ती दिसली नाही म्हणून आजार नाही असं लिहू नका.

मांजरांच्या धाग्यात हे विचारलं जाईलच, म्हणून इथेच सांगते: डॉक्सीची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, पुढे नळी आकसते. गोळीमागे सिरिंजने 5-6 मिली पाणी पाजाच.

ओपीडी_दादर: ठीक, रक्त काढून नळी फ्रिजमध्ये ठेवायला माझी हरकत नाही. पण रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवणार नाही.

परळची_स्लाइड: थांबवा असं कोण म्हणतंय? नमुना घेतला की त्याच टेबलावर पहिला डोस द्या. मात्र हिरड्या पांढऱ्या असतील तर 48 तास घालवू नका. त्याच दिवशी पीसीव्ही आणि काचेवर रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळून लाल पेशींच्या गुठळ्या होतात का ते बघा, नाहीतर स्वतःच्याच पेशी फोडणारा आजार निसटेल.

ओपीडी_दादर: पीसीव्ही मान्य. प्रत्येक तापाला स्लाइड, हे अजूनही नाही.