व्रण की वण? हृदयाच्या लयीवरील पेशीजन्य उपचारांचे शब्द

टिटवी
हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची लय बिघडते. त्यावरच्या नव्या उपचारांची माहिती मराठीत लिहिताना तीन शब्दांवर एकमत हवे आहे. 'स्कार'ला व्रण म्हणावे की वण? 'रिजनरेटिव्ह'साठी पुनरुज्जीवक चालेल का? आणि 'सेल थेरपी' व 'सेल-डिराइव्ह्ड थेरपी' या दोन्हींना 'पेशी-उपचार' म्हटले तर काय बिघडते?

पाटकरी
स्कार म्हणजे वण. व्रण ही जखम, ती भरते. भरल्यावर मागे राहतो तो वण. म्हणून तर 'देवीचे वण'. शब्द व्रणावरूनच आला, पण अर्थ वेगळा झाला आणि इथे तो वेगळा ठेवणे फार गरजेचे आहे.

झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत कधी निलय, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, नुसते थरथरू लागतात, ते रक्तपुरवठा तुटल्यामुळे. तेव्हा वण झालेलाच नसतो. मेलेल्या स्नायूच्या जागी कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा घट्ट वण तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्यातून उद्भवणारी निलयाची अतिजलद लय महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढते.

कारण असे की वण सलग नसतो. त्यात जिवंत स्नायूचे बारीक धागे उरलेले असतात. विद्युतसंदेश त्यांतून रेंगाळत जातो. तो पलीकडे बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा उद्दीपित व्हायला तयार झालेला असतो, आणि संदेश त्याच वाटेने गोल फिरू लागतो. 'री-एंट्री'ला पुनःप्रवेश म्हणतात, पण मला 'फेरा' जास्त नेमका वाटतो. एकदा आत शिरून हे थांबत नाही. कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, जाळतात ती ही वणातली वाट.

रानजाई
वणाबद्दल सहमत. त्यात भर: 'हृदयावरचा वण' लिहू नका, तो भिंतीच्या आत असतो.

आता पेशी-उपचार. हा शब्द दोन्हींना लावला तर सगळ्यात मोठा धोकाच झाकला जातो. जिवंत पेशी टोचल्याने लय बिघडूही शकते. 2000 साली पॅरिसमध्ये मांडीच्या स्नायूतल्या पेशी वाढवून हृदयात टोचायला सुरुवात झाली. पहिल्या 10 रुग्णांपैकी 4 जणांना डिफिब्रिलेटर, म्हणजे विद्युतधक्का देऊन लय ताळ्यावर आणणारे यंत्र, बसवावे लागले. त्या पेशी परिपक्व झाल्यावर कनेक्सिन-43 हे प्रथिन बनवत नाहीत, त्यामुळे शेजारच्या हृदयपेशींशी त्यांची विद्युतजोडणी होत नाही. मूलपेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या हृदयपेशींची अडचण वेगळी. त्या जोडल्या जातात, पण अपरिपक्व असल्याने स्वतःच ठोके देत सुटतात. 2014 मध्ये माकडांना सुमारे 100 कोटी अशा पेशी दिल्यावर लयीतला हा बिघाड ठळक दिसला.

पेशीजन्य (सेल-डिराइव्ह्ड) उपचारात मात्र पेशी दिलीच जात नाही. पेशींनी बाहेर सोडलेल्या पुटिका, म्हणजे एक्झोसोम, गोळा करून देतात. आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. त्यांना केंद्रक नाही, त्या विभागत नाहीत, ठोका देत नाहीत. आतल्या सूक्ष्म आरएनएमार्फत वणाच्या पेशींचे वागणे बदलतात. झटका दिलेल्या डुकरांच्या हृदयात त्या टोचल्यावर अतिजलद लय चाचणीसाठी मुद्दाम सुरू करणे अवघड झाले, असे प्रयोगांत दिसले.

टिटवी
पण 'जन्य' म्हटले की संसर्गजन्य, जलजन्य आठवते. वाचक 'पेशींमुळे होणारा' असे समजणार नाही?

रानजाई
रास्त शंका. 'पेशीस्रवित' नेमका आहे, पण जिभेवर बसत नाही. शीर्षकात पेशीजन्य ठेवा आणि पहिल्याच वाक्यात 'पेशींनी सोडलेल्या पुटिका' असे उलगडा.

पाटकरी
पुनरुज्जीवक नको. सीपीआरला आपण हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन म्हणतो, तिथे तो शब्द अडकला आहे. शिवाय रक्त कमी पडल्याने निपचित झालेला स्नायू अँजिओप्लास्टी वा बायपासनंतर पुन्हा आकुंचू लागतो, ते खरे पुनरुज्जीवन. मेलेला स्नायू उठत नाही. पालीची शेपटी नव्याने येते तसे नवे ऊतक अपेक्षित आहे, म्हणून 'पुनर्जनन'. माणसाच्या हृदयात पंचविशीतही वर्षाला जेमतेम 1 टक्का हृदयपेशी नव्याने येतात, तेव्हा हा शब्दही जपूनच वापरा. सीडर्स-सायनाय या अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या 2012 च्या चाचणीत 17 रुग्णांना त्यांच्याच हृदयातून वाढवलेल्या 1.25 ते 2.5 कोटी पेशी दिल्या. वण आक्रसला, पण हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता लक्षणीय वाढली नाही.

टिटवी
माझ्या मसुद्यात वाक्य होते: 'मूलपेशींमुळे हृदयावरचा व्रण भरून ठोके नियमित होतात.' आता असे केले: 'पेशींनी सोडलेल्या पुटिका टोचल्यावर, प्राण्यांवरील प्रयोगांत, झटक्यानंतरच्या वणातून उठणारी अतिजलद लय सुरू होणे अवघड झाले.'

रानजाई
'वणातून' ठेवलेत ते उत्तम. 'प्राण्यांवरील'ऐवजी 'डुकरांवरील' लिहा.