घरापासनं खाली गॅरेजपर्यंत नेट न्यायचंय, पीओई करू का?

आगरातला_आयटीवाला
नमस्कार मंडळी, घर चिपळूणपासनं थोडं आत. घर वर आणि गॅरेज खाली रस्त्याला लागून, मधे पाखाडी आणि आमचं आगर. वायर जशी जाईल त्या वाटेनं टेप टाकला तर ५५ मीटर भरतंय. घर जांभ्याचं, गॅरेजच्या भिंती पण जांभ्याच्याच, वर पत्रा, पुढे लोखंडी शटर. फायबर वरच्या खोलीत येतं, राउटर तिथेच. हल्ली मी गॅरेजमधे एका कोपऱ्यात टेबल टाकून काम करतो कारण घरात दिवसभर टीव्ही चालू असतो, आणि बाबांना गेटवर कॅमेरा हवाय, गुरं आत शिरतात म्हणून. रिपीटर लावून झाला, मोबाईलवर रेंजच्या दांड्या फुल दिसतात पण कॉल लागला की आवाज तुटायला लागतो. दुकानदार म्हणतो पीओई करा, एकाच वायरीतनं नेट पण जाईल आणि करंट पण. खरंच ५५ मीटरवर चालतं का? आणि एकाच वायरीवर ॲक्सेस पॉइंट (वायरीतनं आलेलं नेट वायफायवर देणारी डबी) आणि कॅमेरा दोन्ही चालतील का? गॅरेजमधे लाईट आहे पण इन्व्हर्टर फक्त घरात, आणि पावसाळ्यात लाईटीचं काय सांगायचं.

खटपट्या
चालतं की! इथरनेटची, म्हणजे नेटच्या तांब्याच्या वायरीची, मर्यादा १०० मीटर, दोन्ही टोकाच्या छोट्या पॅचकॉर्डी धरून, त्यामुळे ५५ म्हणजे आरामात. रिपीटरच्या दांड्यांवर जाऊ नका, त्या तुमचा मोबाईल आणि रिपीटर यांच्यातल्या असतात, रिपीटरला वरनं काय मिळतंय ते त्यात दिसत नाही, आणि मधे जांभ्याची भिंत आणि पत्रा असल्यावर त्याला बिचाऱ्याला मिळणार तरी काय. त्यात एकाच रेडिओवर घ्यायचं आणि त्याच्यावरच द्यायचं म्हटल्यावर स्पीड निम्मा होतो तो वेगळाच.

आता करंटचं. साधं पीओई म्हणजे ८०२.३ एएफ, त्यात एका पोर्टला १५.४ वॅट सुटतात आणि पलीकडच्या टोकाला १२.९५ धरायचे. एवढ्यात एक ॲक्सेस पॉइंट चालेल, सोबत कॅमेरा नाही. म्हणून एटी घ्या, ज्याला पीओई प्लस म्हणतात, ३० वॅट सुटतात आणि २५.५ पोचतात. गॅरेजमधे लावायला असा छोटा नेटवर्क स्विच (एका वायरीचं नेट अनेक पोर्टना वाटणारी डबी) मिळतो जो स्वतः वरनं आलेल्या पीओईवर चालतो आणि पुढे दोन-तीन पोर्टना पीओई देतो. त्यावर ॲक्सेस पॉइंट आणि कॅमेरा. घेताना तो स्विच स्वतः किती खातो आणि पुढे किती वॅट देतो तेवढं डब्यावर वाचा.

आणि इन्व्हर्टरचं कोडं इथेच सुटतंय बघा. पीओई स्विच वर घरात राउटरशेजारी, तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवर, म्हणजे गॅरेजमधे काळोख असला तरी कॅमेरा आणि वायफाय चालू. मला विचाराल तर पीओई करायचं खरं कारण हेच, बाकी गॅरेजमधे प्लग काय तुमच्याकडे आहेच.

नारळीखाली
एवढं कशाला खणत बसता, नारळाच्या झाडांना बांधत बांधत वरनं सोडा वायर, अर्ध्या दिवसाचं काम.

आगरातला_आयटीवाला
@नारळीखाली अहो केबल टीव्हीची वायर तशीच होती. वांदर लोंबकळतात आणि एखादी झावळ पडली की विषय संपला. वरनं नको.

सातारी_वायरमन
दादा सगळं बरोबर चाललंय पण वायर घेताना फसू नका, निम्म्या तक्रारी तिथनंच येतात. बाजारात कॅट ६ म्हणून स्वस्तात जी पेटी मिळते त्यात बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरनं तांब्याचा नुसता मुलामा. डेटा जातो, टेस्टरला सगळे दिवे पण लागतात, पण तिचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, मग लांबवर करंट न्यायला गेलं की वायरीतच व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रिस्टार्ट मारतो. दिवसा नीट, रात्री बंद, आणि माणूस कॅमेऱ्याला शिव्या देतो. दुकानातच एक तार सोलून ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली की पेटी परत. पेटी उचलून बघितली तरी कळतं, तांब्याची चांगलीच जड लागते.

बाहेरची वायर घ्या, काळ्या जाड आवरणाची, आत जेली भरलेली मिळाली तर उत्तम. घरातली करडी वायर उन्हानं तडकते आणि एकदा पाणी शिरलं की आतल्या आत चढत जातं. पाण्याची काळी एचडीपीई पाईप असते ना रोलमधे, ३२ मिमीची, त्यातनं ओढा म्हणजे घुशींपासनं पण वाचेल. आत एक नायलॉनची दोरी जास्तीची सोडून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर परत खणायला नको. २३० व्होल्टची वायर त्याच पाईपात घालायची नाही, कोण कितीही म्हणू दे.

अजून एक, तुमचं गॅरेज उतारावर खाली. म्हणजे पाईप वरनं उघडी राहिली तर पावसाळ्यात पन्हळीसारखं पाणी थेट स्विचवर. वरचं तोंड पुटीनं बंद करा, खालचं तोंड गॅरेजच्या भिंतीबाहेरच संपवा, तिथे पाणी गळायला एक भोक ठेवा, आणि वायर भिंतीत शिरायच्या आधी खाली एक झोळ देऊन मग वर घ्या. भिंतीचं भोक पण बाहेरच्या अंगाला उतरतं पाडा.

वीज_आणि_मी
सगळ्यांनी पावसाचं सांगितलं, विजेचं कोणी बोललंच नाही. कोकणात वळवाला आणि परतीच्या पावसात कशा विजा पडतात माहितीये ना? दोन इमारतींमधे ५५ मीटर तांबं टाकताय. वीज वायरीवर पडायला नको, जवळपास पडली तरी लांब वायरीत सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा झटका, उठतो, जमिनीत पुरली म्हणून सुटका नाही, आणि मग स्विच, राउटर, त्याला लावलेला टीव्ही सगळी रांगच जाते. मी तुमच्या जागी फायबर टाकला असता. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटची वायर जोडणारी डबी), मधे काच, काचेतनं करंट जात नाही त्यामुळे भानगडच नाही.

खटपट्या
@वीज_आणि_मी मुद्दा मान्य, पण फायबर टाकला की पीओई गेलं आणि गॅरेजमधे वेगळा यूपीएस आला. बाबांनी कधी त्याची बॅटरी बघायची? मी म्हणेन तांबंच टाका, पण दोन्ही टोकांना पीओई चालेल असा इथरनेट सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याची हिरवी वायर खऱ्या अर्थिंगला जोडा. अर्थिंग नसेल तर तो प्रोटेक्टर नुसता शोभेचा. त्याच पाईपात फायबरची एक बारकी वायर आत्ताच ओढून ठेवा, कधी सगळं उडालंच तर तिच्यावर जाता येईल.

एडिसनचा_पुणेकर
मी न्यू जर्सीत, माझं पण गॅरेज घरापासून सुटं आहे आणि पीओईवरच चाललंय. एक भर घालतो. जुना, सेकंडहँड ॲक्सेस पॉइंट घेणार असाल तर तो पॅसिव्ह २४ व्होल्टवाला नाही ना बघा. एएफ, एटीवाला स्विच आधी पलीकडे विचारपूस करतो आणि मगच ४८ व्होल्टच्या आसपास सोडतो, त्यामुळे साधा लॅपटॉप लावला तरी काही होत नाही. पॅसिव्हवाली डबी काही विचारत नाही, जे समोर येईल त्याला सरळ करंट. आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरणार असाल तर त्याचा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करून लॅन पोर्टमधे वायर घाला, वॅनमधे नाही.

आगरातला_आयटीवाला
सगळ्यांचे आभार. पाईप गडग्याच्या कडेनं गेली, जांभा खणायला लागला नाही. शुद्ध तांब्याची वायर, वर चार पोर्टचा सीसीटीव्हीवाला पीओई स्विच, खाली खटपट्या म्हणाले तसला. दोन्ही टोकांना प्रोटेक्टर. कॅमेरा झकास, रात्रीचं पण दिसतं. पण लॅपटॉपवर स्पीड ९ एमबीपीएसच्या वर जातच नाही, आणि वर राउटरला १०० येतोय. वायर बाद आहे का?

सातारी_वायरमन
वायर सोडा, वरच्या स्विचवर एक बारीकसं बटण असेल, एक्स्टेंड नाहीतर २५० मीटर लिहिलेलं. ते चालू असलं की पोर्ट १० वर येतो, लांबच्या कॅमेऱ्यांसाठी असतं ते. बंद करा.

आगरातला_आयटीवाला
बटण चालूच होतं! आता ९४ येतोय.

सातारी_वायरमन
९४ च्या पुढे जाणार नाही, त्या स्विचचे पोर्टच १०० चे असणार. प्लॅन १०० चा आहे तोवर हात लावू नका. पुढे ३०० चा घेतलात तर स्विच बदला, वायर तीच चालेल.