अनुभव धागा: जोडीदार व्हिजिटर व्हिसावर कॅनडात, आता पीआरचं (कायम निवासाचं) बघायचंय

लग्न भारतात झालं, नोकरी कॅनडात आहे आणि बायको किंवा नवरा व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलाय. आपल्यातली कितीतरी घरं सध्या याच टप्प्यावर आहेत. प्रश्नही तेच असतात. फाइल इनलँड (कॅनडात एकत्र राहणाऱ्यांचा वर्ग) टाकायची की आउटलँड (मुळात कॅनडाबाहेरच्या अर्जदारांचा वर्ग)? काम कधी करता येईल? मधे घरी कुणाचं काही झालं तर जाता येईल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. प्रांत कोणता, फाइल कोणत्या वर्गात टाकली आणि खरोखर काय कामी आलं, एवढं नक्की सांगा. फी आणि फॉर्म बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पाहूनच भरा.

सुरुवात मी करते.

मिसिसागा, ऑन्टारियो

मी स्पॉन्सर, म्हणजे नवऱ्याच्या पीआरसाठी त्याची हमी घेणारी, आणि नवरा व्हिजिटर. आमची फाइल इनलँड होती, २०२४ मधली. स्पॉन्सर नागरिक किंवा पीआर असावा लागतो, वय किमान १८, आणि नुसता पीआर असेल तर तो कॅनडात राहणारा हवा. जोडीदारासाठी सहसा उत्पन्नाची किमान अट नसते. आई-वडिलांच्या स्पॉन्सरशिपमध्ये असते, तिथून हा गोंधळ पसरतो. मात्र अपंगत्वाखेरीज इतर कारणासाठी सरकारी आर्थिक साहाय्य घेत असाल तर स्पॉन्सर होता येत नाही. आणि तुम्ही सही करता ती जबाबदारी जोडीदाराला पीआर मिळाल्यापासून ३ वर्षांची असते. मधे संसार मोडला तरी ती सुटत नाही. सही करण्यापूर्वी दोघांनी हे एकत्र बसून वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही भरली तेव्हा फी सगळी मिळून १,२०५ डॉलर होती, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे.

आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ५५३२ क्रमांकाच्या फॉर्मवर. पहिल्यांदा कधी आणि कुठे भेटलात, ओळख कुणी करून दिली, साखरपुडा झाला का, लग्नाला कोण कोण होतं, असं सगळं त्यात विचारतात. ठरवून केलेल्या लग्नात ही उत्तरं लहान होतात. 'मावशीने स्थळ सुचवलं, महिनाभरात साखरपुडा' एवढ्यात सगळं संपतं, आणि तेवढंच वाचणाऱ्याला ते घाईचं वाटू शकतं. म्हणून आम्ही वेगळ्या पानावर सगळं नीट मांडलं: स्थळ कसं येतं, पत्रिका का बघतात, पोह्यांच्या कार्यक्रमानंतर आम्ही दोघं बाहेर कुठे भेटलो, होकार द्यायला मला वेळ का लागला. पुरावा म्हणून फोटो होतेच, पण खरा उपयोग झाला सासूबाईंच्या आहेराच्या वहीचा. कुणी पातेलं दिलं, कुणी पाकीट दिलं, गावासकट नावं, सगळं त्यांच्या हाताने लिहिलेलं. त्यातली चार पानं स्कॅन करून भाषांतरासह जोडली, आणि मंगल कार्यालयाची पावती, वऱ्हाडाच्या बसचं बिल. आपल्या लग्नात कागद भरपूर तयार होतात, ते फक्त कुणी जपून ठेवायला हवेत.

सरी, ब्रिटिश कोलंबिया

ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी स्वतः व्हिजिटर म्हणून आलेली बायको. पुण्यात एका सीए फर्ममध्ये कामाला होते. इथे आल्यावर फाइल टाकली आणि वाट बघणं सुरू झालं.

ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी मिळते, ही खरी दिलासा देणारी गोष्ट. पूर्वी ते इनलँडवाल्यांपुरतंच होतं. मे २०२३ पासून आउटलँड फाइल असली तरी जोडीदार इथे स्पॉन्सरसोबत राहत असेल आणि व्हिजिटर म्हणून स्टेटस वैध असेल, तर अर्ज करता येतो. त्याची फी वेगळी, १५५ आणि १०० मिळून २५५ डॉलर होती. आधी पीआरचा अर्ज पोचल्याची पोच हातात यावी लागते आणि मग परमिट येईपर्यंत इथल्या मालकाकडे एक तासही काम करायचं नाही. ओळखीच्या दुकानात 'नुसतं बसायला' बोलावतात, पैसे हातात देतात. कृपया जाऊ नका. पुढे सगळ्या फाइलवर त्याची सावली पडते.

त्या काळात मी काय केलं हे सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही. सरकारी खर्चाचे इंग्रजीचे वर्ग पीआर झालेल्यांसाठी असतात, व्हिजिटरला मिळत नाहीत. पण सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा कोर्स स्टडी परमिटशिवाय करता येतो. मी इथल्या पेरोलचा छोटा कोर्स केला. सार्वजनिक वाचनालयात रोज जायचे. नवरा कामावर गेला की घरात आवाज नसतो, माणसं ओळखीची नसतात, स्वतःचे पैसे नसतात, आणि सासर-माहेरचे लोक फोनवर 'मजा आहे तुझी' म्हणतात. स्पॉन्सर नवऱ्यांनो, या दिवसांत बायकोच्या नावाने बँकेत जॉइंट खातं उघडा. फाइलला त्याचा पुरावा होतो हे खरंच, पण दुकानात कार्ड पुढे करताना तिला कुणाकडे बघावं लागत नाही, हे माझ्या लेखी त्याहून मोठं आहे.

कॅल्गरी, अल्बर्टा

बायको इथेच माझ्यासोबत होती, तरी आम्ही मुद्दाम आउटलँड टाकली. इथे राहून आउटलँड टाकता येत नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. आमचं कारण साधं होतं. कोल्हापूरला तिच्या आईचं डायलिसिस चालू होतं. इनलँड वर्गात तुम्ही इथे एकत्र राहताय हाच पाया असतो. मधे बाहेर गेलात आणि परत येताना सीमेवर प्रवेश नाकारला, तर फाइलच अडचणीत येते. आउटलँडमध्ये ती धास्ती नसते. ती दोनदा जाऊन आली, शेवटच्या वेळी आईजवळ होती.

दुसरं कारण अपिलाचं. आउटलँड नाकारली गेली तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येतं. इनलँडला तो रस्ता नाही, थेट फेडरल कोर्टात परवानगी मागावी लागते. आमच्यावर वेळ आली नाही, पण घरात कुणी आजारी असेल, किंवा फाइलमध्ये शंका घेण्यासारखं काही असेल (एकाचा आधी घटस्फोट, वयात मोठं अंतर, घाईत लग्न), तर याचा आधी विचार करा.

माँट्रियल, क्युबेक

क्युबेकवाल्यांचं गणित वेगळं आहे. इथे केंद्राच्या फाइलसोबत प्रांताकडेही स्वतंत्र हमी द्यावी लागते. २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या दोन वर्षांसाठी प्रांताने अर्जांवर मर्यादा घातली: एकूण १३,०००, त्यातले १०,४०० जोडीदार आणि १८ वर्षांवरील अवलंबित मुलांसाठी. ऑन्टारियोतल्या मित्राचं वेळापत्रक बघून मनाची तयारी करू नका, त्रास होतो. आम्ही ओटावा नदीपलीकडे, ऑन्टारियोत, घर हलवायचा विचारही केला होता. पण तसं करायचं तर खरोखर राहायला जायचं. पत्ता एकीकडे आणि संसार दुसरीकडे, हे मला पटलं नाही आणि आम्ही थांबलो. बायको तोवर फ्रेंच शिकली, आता शेजारणीशी माझ्यापेक्षा जास्त ती बोलते.

स्कारबोरो, ऑन्टारियो (मूळ फोंडा, गोवा)

गोंयकारांसाठी एक सांगायचं राहू नये म्हणून लिहितो. आपल्याकडे लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन टप्प्यांत होते. आधी दोघं जाऊन इच्छा नोंदवतात, मग मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन सही करतात. देवळातलं लग्न नंतर कधीतरी, मुहूर्त मिळेल तेव्हा. आमच्या दोन तारखांमध्ये बरंच अंतर होतं. लोकांकडे लग्नपत्रिकेवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी. फॉर्ममध्ये कायद्याने झालेल्या लग्नाची म्हणजे दुसऱ्या सहीची तारीख टाकली, आणि देवळातल्या विधीची तारीख वेगळी लिहून दोन्हींचं कारण अर्ध्या पानात समजावलं. कुणी काही विचारलं नाही.

ब्रॅम्प्टन, ऑन्टारियो

नावांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट माहेरच्या नावाचा पण मधे वडिलांचं नाव, आधार सासरच्या नावाचं आणि मधे नवऱ्याचं नाव. बँकेत तर नुसतं पाळण्यातलं नाव आणि आडनाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण बाहेरच्या माणसाला चार बायका दिसतात. मी फॉर्ममध्ये 'इतर नावे' या रकान्यात एकूण एक नाव घातलं, आणि ही सगळी एकच व्यक्ती असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं. फाइल टाकायच्या तोंडावर पासपोर्टवर नाव बदलू नका, असं मी सगळ्या मैत्रिणींना सांगते. बदलायचंच असेल तर पीआर हातात आल्यावर, शांतपणे.

पोलीस दाखल्याचंही असंच. वय १८ झाल्यापासून, गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला दाखला मागू शकतात. मिस्टरांच्या दुबईतल्या नोकरीमुळे मला तिथला दाखला लागला, तो मिळवायला भारतापेक्षा जास्त वेळ गेला. गल्फमध्ये राहिलेल्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं. भारतातल्या दाखल्यासाठी पोलीस घरी चौकशीला आले तेव्हा नाशिकला सासरे एकटे होते. शेजारचे दोन साक्षीदार, रेशनकार्ड, सगळं त्यांनी आधीच तयार ठेवलं होतं. घरच्यांना आगाऊ कल्पना द्या, नाहीतर दारात पोलीस बघून म्हातारी माणसं घाबरतात.

हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशिया

माझ्या आतेभावाची गोष्ट, त्याच्या परवानगीने. एक्स्प्रेस एंट्रीत (शिक्षण-अनुभवाच्या गुणांवर पीआर देणारी योजना) अर्ज केला तेव्हा अविवाहित होता. मंजुरी आली, आणि कॅनडात उतरण्याआधी मुंबईत लग्न उरकलं. कन्सल्टंट म्हणाला, आत्ता कळवू नका, फाइल लांबेल, नंतर बायकोला स्पॉन्सर करू. हा सल्ला फार महागात पडला. पीआर घेताना जी पत्नी किंवा मूल कळवलं नाही, त्यांना पुढे कुटुंब वर्गात स्पॉन्सर करता येत नाही, असा नियमच आहे, ११७(९)(ड). २०१९ मध्ये सुरू झालेली सवलत निर्वासित आणि कुटुंब वर्गातून आलेल्यांपुरती होती, एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांना ती लागू नव्हती. त्याच्या बायकोचं शेवटी मानवतावादी कारणांवर विनंती करून झालं, पण दरम्यान मुलगी बापाला व्हिडिओवर बघत मोठी झाली. पीआर हातात यायच्या आदल्या दिवशी लग्न झालं असलं तरी कळवा. थोडी लांबलेली फाइल परवडते.

आणि आणखी एक. लग्नात दोघं प्रत्यक्ष हजर नसतील, म्हणजे एक जण व्हिडिओवर, तर असं लग्न २०१५ पासून इमिग्रेशनसाठी चालत नाही. भारतातला दाखला असला तरी नाही.

विनिपेग, मॅनिटोबा

सगळ्यांचे आभार. बायकोचे सहा महिने पुढच्या महिन्यात संपतायत. फाइल टाकून झालीय, पोच अजून नाही. फाइल आहे म्हटल्यावर ती राहू शकते ना? आणि येताना विमानतळावर तिला कुणीतरी सांगितलं होतं की पीआरचं नाव काढू नकोस. पुढे विचारलं तर काय सांगायचं?

मिसिसागा, ऑन्टारियो

दादा, नाही. स्पॉन्सरशिपची फाइल टाकली म्हणून स्टेटस आपोआप वाढत नाही. मुदत संपण्याआधी व्हिजिटर रेकॉर्डसाठी (व्हिजिटर म्हणून मुक्काम वाढवून देणारा कागद) अर्ज करा, फी १०० डॉलर असते. अर्ज मुदतीत गेला की निकाल येईपर्यंत ती इथे कायदेशीर राहते. तिचा पासपोर्ट किती दिवस वैध आहे तेही आजच बघा, कारण त्यापुढची मुदत देत नाहीत. मुदत चुकलीच तर स्टेटस परत मिळवायला ९० दिवस असतात, पण त्या वाटेला जायची वेळच आणू नका. वर्क परमिटचा अर्ज पोच आल्यावर लगेच.

आणि खोटं काही बोलायचं नाही. आज तात्पुरतं राहणं आणि पुढे कायम राहायची इच्छा असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात हे कायद्यातच लिहिलंय, कलम २२(२). विचारलं तर सांगा: नवरा इथे आहे, फाइल टाकली आहे, आणि परवानगी मिळाली नाही तर मी मुदतीत परत जाईन. भारतात जायचं झालं आणि परत यायचं असेल, तर आधी कॅल्गरीच्या दादांनी लिहिलेलं वाचा आणि तुमची फाइल इनलँड आहे का आउटलँड ते इथे लिहा. मग नीट सांगता येईल.