१९९० ची 'फ्लॅश' मालिका एकाच सीझनमध्ये का बंद पडली?

प्रश्न: जॉन वेस्ली शिपची जुनी सुपरहिरो मालिका 'फ्लॅश' कालच बघून संपवली. इतकी झकास मालिका २२ भागांतच का गुंडाळली?

प्रतिसाद १: वेळ नडली हो. सीबीएस या अमेरिकन वाहिनीने ती गुरुवारी रात्री लावली. समोर दुसऱ्या वाहिन्यांवर 'द कॉस्बी शो' आणि 'द सिम्पसन्स'! त्यात खर्च अफाट.

प्रतिसाद २: मी तर मार्क हॅमिलच्या ट्रिकस्टर या खलनायकासाठी आजही बघते. खदाखदा हसतो आणि पुढच्याच क्षणी नजर बदलते, अंगावर काटा येतो. पुढे अ‍ॅनिमेटेड बॅटमॅनमध्ये जोकरला आवाज त्यानेच दिला. आणि शिपचा तो लाल सूट, कानांवर सोनेरी विजा! माझा फ्लॅश तोच.

प्रश्नकर्ता: शिप पुन्हा दिसला का कुठे?

प्रतिसाद २: २०१४ च्या 'फ्लॅश'मध्ये बॅरीचे (म्हणजे फ्लॅशचे) वडील तोच. हॅमिलही ट्रिकस्टर म्हणून परतलाय. नक्की बघा.