ब्रेक्झिटवर दुसऱ्यांदा मत विचारायला हवं होतं का?

उंबरठा:
विषय शिळा आहे, माहितीये, पण डोक्यातून जात नाही. २३ जून २०१६ ला ब्रिटनने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपियन युनियन सोडायचं ठरवलं. मतपत्रिकेवर चौकोन दोनच, राहायचं की सोडायचं. सोडून जायचं कुठे, सिंगल मार्केट (युनियनची सामाईक बाजारपेठ) ठेवून की कस्टम्स युनियनही (सामाईक जकात व्यवस्था) तोडून, आयर्लंडच्या सीमेचं काय, यातलं अवाक्षर त्या कागदावर नाही. मग अडीच वर्षांनी पंतप्रधान थेरेसा मे बाईंचा बाहेर पडण्याचा करार तयार होऊन समोर आला तेव्हा "हे असं असेल, चालतंय का?" एवढं तरी लोकांना विचारायचं होतं.

आडमुठा:
अजिबात नाही. एप्रिल २०१६ मध्ये सरकारनेच घरोघरी पत्रक पाठवलं होतं, निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते आम्ही अमलात आणू. ९० लाखांवर पौंड घातले त्यावर. एवढं छापून वाटल्यावर निकाल आवडला नाही म्हणून परत विचारायचं? रडीचा डाव आहे हा.

उंबरठा:
रडीचा कसा? 'सोडा'वाल्यांचा पुढारी नायजेल फराज खुद्द मतदानाआधी म्हणून बसला होता की ५२-४८ ने 'राहा' जिंकलं तर विषय संपणार नाही. आकडा तोच लागला, फक्त उलटा.

आडमुठा:
फराज म्हणजे कायदा का 😄

तिरकी रेघ:
आयर्लंड बघा ना. युरोपियन युनियनचा लिस्बन करार जून २००८ मध्ये ५३ टक्क्यांनी फेटाळला, ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच लोकांनी ६७ टक्क्यांनी पास केला. मधल्या काळात कर, तटस्थता, गर्भपाताचा कायदा आणि युरोपियन कमिशनवर आपला कमिशनर राहणार की नाही यावर हमी मिळवली. करार तोच, पण लोकांची भीती कशाची होती ते ऐकून घेऊन परत गेले. डेन्मार्कमध्येही युनियनच्याच मास्ट्रिक्ट करारावर १९९२ ला नाही आणि १९९३ ला हो.

आडमुठा:
तुम्हीच माझा मुद्दा मांडलात की! 'हो' आलं म्हणून "नक्की ना? परत एकदा विचारू?" असं कोणी केलंय का? दुसरी फेरी फक्त ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनला, नको असलेलं उत्तर आलं की. लोकांना हेच खुपतं.

उंबरठा:
हे खरंय, मान्य. म्हणूनच म्हणतो की दुसरी फेरी निकाल बघून नाही, आधीच कायद्यात लिहायची. पहिल्यांदा तत्त्व, करार झाला की करारावर. मग निकाल कोणाच्याही बाजूने लागो.

तिरकी रेघ:
आणि चुकीच्या माहितीवर मतदान झालं असेल तर? स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१६ ला लग्न झालेल्या जोडप्यांच्या करावर मतदान होतं, सरकारने सांगितलं जास्त कर भरणारी जोडपी ८० हजार, नंतर निघाली साडेचार लाख! २०१९ मध्ये तिथल्या कोर्टाने सरळ मतदानच रद्द केलं. इकडे ब्रिटनमध्ये 'सोडा'वाले लाल बसवर 'युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो' असं लिहून फिरले, त्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केली नव्हती, आणि नंतर काय झालं? काही नाही.

आडमुठा:
त्या बसवर प्रचार संपेपर्यंत रोज टीका होत होती हो, सरकारी आकडेवारीवाल्यांनीही कान उपटले. लोक एवढे भोळे नसतात. ७२ टक्के मतदान झालं, १ कोटी ७४ लाख लोकांनी 'सोडा' म्हटलं, ते सगळे बस वाचून आले का?

मधलाच:
मला मध्ये पडू द्या. दुसरं सार्वमत घेतलं असतं तर पर्याय कोणते? करार, राहा, की करार न करता बाहेर? दोन ठेवले तर एक गट म्हणणार आम्हाला वगळलं, तीन ठेवले तर 'सोडा'वाल्यांची मतं फुटणार. १ एप्रिल २०१९ ला संसदेत लोकांना परत विचारायचा ठराव २८० विरुद्ध २९२ ने पडला, बारा मतांनी! पण पास झाला असता तरी मतपत्रिकेवर काय छापायचं यावर सहा महिने भांडले असते.

आडमुठा:
आणि डिसेंबर २०१९ ला निवडणूक झालीच की. दुसरं सार्वमत देऊ म्हणणारा लेबर पक्ष २०२ जागांवर आला, ब्रेक्झिट करणारच म्हणणारे पंतप्रधान जॉन्सन ३६५. झालं ना दुसरं मतदान?

उंबरठा:
जागा मोजतोस, मतं मोज. परत विचारा किंवा राहाच म्हणणाऱ्या पक्षांची बेरीज निम्म्याच्या वर जाते.

आडमुठा:
लेबरला मत देणारा प्रत्येक जण सार्वमतासाठी देत होता? मग बसवाल्यांना कशाला नावं ठेवता.

उंबरठा:
हां, हे लागलं. बरं, मधलाच, तिन्ही ठेवायचे आणि पसंतीक्रम लावायला सांगायचं, १, २, ३.

मधलाच:
आणि पहिल्या पसंतीत 'राहा' पुढे, पण दुसरी पसंती मोजल्यावर करार जिंकला, मग? ती मोजणी चुकीची म्हणून तिसरं सार्वमत मागायला तूच पहिला येशील 😂